वॉशरकाका

वॉशरकाकांना चालू वस्तूंबद्दल आदर नाही. भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत असेल, तर ते वेळ बघण्यापुरतंच त्याच्याकडे बघतात. तेच घड्याळ मागे पडू लागलं की काका खुर्ची पुढे ओढतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि आजारी नातवंडाशी बोलावं तशा आवाजात विचारतात, "काय झालं रे?" घड्याळ उत्तर देत नाही. मग ते उघडावं लागतं.

रत्नागिरीला मांडवीच्या बाजूला त्यांचं घर आहे. उभा जन्म मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून गेला. तिथून ते पेन्शन, उजव्या अंगठ्याचं वाकडं नख आणि दोन्ही कानांचं बहिरेपण घेऊन आले. बहिरेपण पूर्ण नाही, निवडक आहे. बेअरिंगमधली खरखर त्यांना स्क्रूड्रायव्हरमधून ऐकू येते. टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. काकूंनी स्वयंपाकघरातून मारलेली हाक मात्र कुठल्याच हत्यारातून ऐकू येत नाही.

बोटीवर दोन पंथ असतात, इंजिन आणि डेक. जेवणखाण बघणारं सलून हे तिसरं खातं, पण काका ते जेवणाच्या वेळेपुरतंच मोजतात. निवृत्तीनंतर त्यांनी ही विभागणी घराला लावली. पाण्याचा पंप, मिक्सर, कुकरची शिटी, शिलाई मशीन हे इंजिन. पडदे, पाहुणे, सत्यनारायण, वीजबिल आणि भाऊबंदकी हे डेक. मुलीचं लग्नदेखील त्यांनी डेककडे, म्हणजे काकूंकडे सोपवलं होतं. अंतरपाट धरला तेव्हा वधूपिता मांडवामागे जनरेटरच्या सायलेन्सरवर हात ठेवून उभे होते. भटजींनी दोनदा बोलावलं, तर म्हणाले, "लोड वाढलाय, आत्ता हलता येणार नाही."

पण त्यांची ख्याती ना घड्याळांवर उभी आहे, ना जनरेटरवर. ती उभी आहे मासे गरवायच्या जुन्या रीलवर. किनाऱ्यावर बोटीवरून आणि आखातातून परतलेली माणसं पुष्कळ, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या माळ्यावर टॉवेलात गुंडाळलेलं एखादं जुनं अमेरिकन रील असतंच. आडव्या पिपाचं, पितळी अंगाचं, क्रोमचा मुलामा दिलेलं, हातात घेतलं की मनगट खाली जाईल इतकं जड. दहा-पंधरा वर्षांनी मालकाला समुद्र आठवतो. माळ्यावरून रील उतरतं आणि मालक काकांच्या पडवीत येतो. तक्रार ठरलेली: "काका, ड्रॅग धरत नाही."

हे वाक्य ऐकताना काकांचा चेहरा बघावा. एरवी त्यांना तीन वेळा सांगावं लागतं. हे पहिल्याच वेळी ऐकू येतं.

ज्यांनी आयुष्यात मासा फक्त ताटात पाहिला त्यांच्यासाठी सांगतो, कारण काका हे प्रत्येकाला सांगतात आणि मी का एकट्याने ऐकावं? मोठा मासा लागला आणि दोरी तशीच ताणून धरली, तर दोरी तुटते. नुसती सोडून दिली, तर मासा गोव्याला जातो. म्हणून त्याला दोरी द्यायची, पण किंमत वसूल करून द्यायची. ही वसुली करतो तो ड्रॅग. मुठीच्या मुळाशी चांदणीच्या आकाराचं एक चाक असतं. ते आवळलं की आत मोठ्या गिअरच्या पोटात रचलेली चकत्यांची चवड दाबली जाते. एक चकती घर्षणाची, एक पोलादाची, पुन्हा घर्षणाची, पुन्हा पोलादाची. पोलादी चकत्यांतही दोन जाती. एकीला बाहेर कान असतात, ती गिअरमध्ये अडकते. दुसरीचं मधलं भोक दोन बाजूंनी चपटं असतं, ती मुठीच्या नळीवर अडकते. मूठ जागच्या जागी, गिअर माशाबरोबर फिरू बघतो, आणि मधल्या चकत्या एकमेकींवर घासत त्याला अडवतात.

"चेतकचा क्लच," काका म्हणतात. "कॉर्कच्या प्लेटा आठवतात? तोच खेळ. चकती किती मोठी ते नंतर. घासणाऱ्या बाजू किती, ते मोजा. बाजू वाढल्या की जोर वाढला."

समोरच्याला चेतक आठवत नसेल, तर रील बाजूला राहतं आणि आधी चेतक समजावली जाते.

ड्रॅगच्या आधीच्या काळाबद्दल काका फार हळवे आहेत. तेव्हा रीलला आतून ब्रेकच नसे. माशाने धाव घेतली की मूठ उलटी गरगरायची आणि बोटांची पेरं फोडायची. दोरीवर अंगठ्याने चामड्याचा तुकडा दाबून धरायचा, एवढाच उपाय. मग कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटावर बोशेन नावाच्या एका हट्टी गृहस्थाने आत ड्रॅग असलेलं रील करवून घेतलं आणि 1913 साली त्यावर तलवारमासा ओढून दाखवला. रॉड आणि रीलवर ओढलेला तो पहिला तलवारमासा म्हणतात. काकांना माशाचं वजन विचारलं तर सांगता येत नाही. "वजन डेकवाले लिहून ठेवतात. रील टिकलं, एवढं मला ठाऊक आहे."

त्यांचं स्वतःचं रील पेन कंपनीचं सिनेटर. ऑटो हेन्झे या जर्मन माणसाने 1932 साली फिलाडेल्फियात ही कंपनी काढली आणि 1936 साली सिनेटर बाजारात आणलं. काकांना ते ह्यूस्टनला गहाणवटीच्या दुकानात मिळालं. बोट बंदराला लागली होती, बाकीचे खलाशी जीन पँटी घ्यायला गेले. काकांनी दुकानदाराला विचारलं, "यातलं बिघडलेलं कोणतं?" दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाइकाचं इंग्रजी कच्चं आहे. त्याने तीन चालू रीलं पुढे केली. काकांनी मागच्या खोक्यातलं चौथं उचललं.

त्यातले मूळ वॉशर चामड्याचे होते आणि सुकून कडकडीत झाले होते. आता काकांची पंचाईत झाली. चामडं हवं, पण कोणतं? त्याच आठवड्यात काकूंच्या कोल्हापुरीचा उजवा पाय नाहीसा झाला. पुढे तो चार गोल भोकांसह सापडला. एरंडेलात मुरवलेल्या त्या कोल्हापुरी वॉशरांवर सिनेटर लोण्याहून मऊ चालायचं, असं काका अजून सांगतात. पावसाळ्यात चामडं फुगलं आणि रील जाम झालं, हे काकू सांगतात. डावी चप्पल त्यांनी जपून ठेवली आहे. भांडणात पुरावा लागतो.

तर मागल्या श्रावणात पुण्याहून एक तरुण आला. कॉम्प्युटरवाला, दाढी नीट कोरलेली, बोलण्यात अदब. वडिलांनी बहारिनहून आणलेलं सिनेटर त्याने दोन्ही हातांनी पुढे धरलं. लालसर बाजूपट्ट्यांचं, चार-शून्य मापाचं, दिसायला देखणं. त्यावर त्याने नवी कोरी हिरवी विणलेली दोरी भरली होती.

"काका, चांदणी पूर्ण आवळली तरी हाताने दोरी ओढली जाते. ड्रॅग अगदीच वीक आहे."

काकांनी रील घेतलं नाही. आधी मालकाची तपासणी असते. रोग वस्तूला होतो, पण तो मालक करतो, असा त्यांचा सिद्धांत आहे.

"तेल कधी घातलंस?"

"हो, घातलं ना! गंज सोडवायचा स्प्रे असतो, तो सगळीकडे मारला. चांगला भरपूर."

"चांदणीच्या आतपण?"

"आतपण."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, ब्रेकला तेल लावलंय यांनी." मग मुलाकडे वळून अत्यंत प्रेमाने, "आणि चांदणी आवळलेली ठेवून माळ्यावर टाकलं होतं का वडिलांनी?"

"ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे. टाकलं होतं." जुन्या फायबरच्या चकत्या दाबून ठेवल्या की वर्षानुवर्षांत चेपतात, त्यांच्या तोंडावर चकाकी येते आणि मग त्या धरत नाहीत. काकांचा आनंद वाढत चालला होता. तेल एक, चेपलेल्या चकत्या दोन. आणखी काही निघालं तर दिवाळीच.

मग बादली आली. किनाऱ्यावरचे इतर लोक ताणकाटा वापरतात. काकांचा काट्यावर विश्वास नाही, कारण तो बिघडलेला असू शकतो आणि मग आधी तो दुरुस्त करावा लागेल. पाणी बिघडत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. पडवीच्या आढ्याला लाकडी शिकंजा कायमचा ठोकलेला आहे. त्यात रील अडकवायचं, दोरी सरळ खाली सोडायची, तिला न्हाणीघरातली निळी बादली बांधायची आणि लिटरच्या मगाने पाणी ओतत जायचं. बादली ज्या मगाला खाली उतरू लागेल तो ड्रॅग. बादलीचं स्वतःचं वजन तिच्या बुडावर ऑइलपेंटने लिहिलेलं आहे. ज्या दिवशी काकांकडे रील येतं त्या दिवशी त्या घरात अंघोळी लवकर उरकतात.

चांदणी आवळून आवळून काकांचं बोट पांढरं पडलं. एक मग. दुसरा मग. बादलीने शांतपणे खाली यायला सुरुवात केली.

"दोन!" काका ओरडले. "मास्तर, दोन किलो! एवढ्यावर तर बोंबीलपण पळेल!" डॉक्टरच्या तोंडी असा आनंद ऐकला असता तर पेशंट उठून गेला असता. मुलगा नवा होता, बसून राहिला.

रील उघडलं. सुटे भाग ठेवायला काका काकूंचा मिसळणाचा डबा वापरतात. सात वाट्या, निघतील त्या क्रमाने घड्याळाच्या दिशेने भाग ठेवायचे, म्हणजे परत बसवताना डबा उलटा वाचायचा. पद्धत निर्दोष आहे. फक्त एकदा कोकमाच्या आमटीत स्प्रिंगवॉशर निघाला होता. काकूंनी तो वाटीच्या कडेला काढून ठेवला आणि जेवण झाल्यावर "तुमचं काही राहिलं होतं" एवढंच म्हणाल्या.

गिअरच्या पोटातून चवड बाहेर आली. चकत्या काळपट, तेलाने थबथबलेल्या, आरशागत चकचकीत. मुलाने उत्साहाने विचारलं, "सँडपेपरने घासू?" आणि काकांनी त्याचा हात धरला. जुन्या चकत्यांत काही अ‍ॅस्बेस्टॉसच्याही असत. ते घासून धूळ उडवायची नाही. "आमच्या बोटींत पाइपांना तेच गुंडाळलेलं असायचं. आमच्यातले किती जण खोकत गेले." एरवी काकांच्या गोष्टींना शेपूट फुटतं. ही तेवढ्यावरच थांबली. चकत्या त्यांनी ओल्या फडक्यात घेतल्या, पिशवीत बंद केल्या आणि तंबाखूच्या डब्यातून कार्बनच्या नव्या काढल्या.

कार्बन फायबरच्या चकत्या हा काकांच्या उतारवयातला सर्वांत मोठा विलास. मुलीने अमेरिकेहून येताना काय आणू विचारलं, तेव्हा सगळे बदाम म्हणाले आणि काकांनी चकत्यांचं माप लिहून दिलं. या चकत्यांना उष्णता सोसते आणि ड्रॅगसाठीच बनवलेल्या ग्रीसचा पातळ हात द्यायचा. साधं ग्रीस नाही, तेल तर नाहीच. ग्रीस लावलं म्हणजे ड्रॅग धरत नाही, हा समज इथे लागू नाही. उलट कोरडी चकती आधी अडते आणि मग अचानक सुटते, आणि त्या हिसक्यातच दोरी तुटते. पोलादी चकत्या काकांनी काचेवर ठेवलेल्या बारीक पाण्याच्या पेपरवर सपाट केल्या. एकीला किंचित बाक होता. तो त्यांनी मला, मुलाला, शेजारच्या वहिनींना आणि पोस्टमनला दाखवला. पोस्टमनला तो दिसला. बाकी आम्ही दिसल्याचं सांगितलं.

चवड भरली. घर्षण, पोलाद, घर्षण, पोलाद. कानवाली, चपट्या भोकाची, आलटून पालटून. बादली. एक मग, दोन मग. बादली खाली.

पडवीत जी शांतता पसरली ती मी वर्णन करणार नाही. काकांनी चष्मा पुसला, बादलीच्या बुडावरचं वजन पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "चांदणी तळाला लागतेय."

हाही खराच रोग आहे. चकत्यांची चवड झिजून उंचीला कमी झाली, की चांदणी आट्यांवरून फिरत आत जाते, पण चवड पुरती दाबण्याआधी कुठेतरी टेकून थांबते. वाटतं आवळलं, आत सगळं सैल. उपाय सोपा, वर एक पातळ वॉशर जास्त घालायचा. दुसऱ्या दिवशी जास्तीचा वॉशर पडला. दुपारी बादली. दोन मगांना खाली.

मग खिट्टी संशयित झाली. मूठ उलटी फिरू नये म्हणून आत एक खिट्टी दात्यांत अडकत असते. ती घसरली तरी मालकाला ड्रॅगच सुटल्यासारखा वाटतो. तिची स्प्रिंग बदलली. बादली खाली. मग पिनियन, मग स्पूलच्या टोकाचे चपटे भाग, मग मुठीच्या नळीवरचे आटे. पुण्याच्या मुलाची सुट्टी संपत आली. तो रोज संध्याकाळी येऊन अदबीने बसायचा आणि काकू त्याला थालीपीठ द्यायच्या. काकांचं जेवण कमी झालं. रात्री दोन वाजता पडवीत दिवा दिसे. नवीन मगामुळे फरक पडतो का, हेही त्यांनी बघितलं.

तिसऱ्या दुपारनंतर काकू कपडे काढायला पडवीत आल्या. बादली त्याच वेळी उतरत होती.

"अहो, हे वाजत का नाही?"

काकांना अर्थातच ऐकू आलं नाही. काकूंनी त्यांच्या समोर जाऊन विचारलं.

"काय वाजत नाही?"

"तुमचं ते करकरणारं. बादली उतरली की कर्रर्र करतं ना? इतकी वर्षं माझी दुपारची झोप त्याने मोडलीय. या वेळी तीन दुपारी मला डाराडूर झोप लागली. म्हटलं, विचारावं."

रीलच्या बाजूला एक क्लिकर असतो. स्पूल फिरलं की तो करकरतो. काका तो कायम चालू ठेवतात, इंजिनरूमची शिस्त म्हणून, आणि त्यांना तो कायम ऐकू येत नाही. बादली खाली येत होती आणि क्लिकर गप्प होता. म्हणजे स्पूल फिरतच नव्हतं! त्याच्या चकचकीत कडेकडे बघून ते फिरतंय की थांबलंय हे डोळ्यांना कळणारही नव्हतं.

काकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक बाजूपट्टीला टेकवलं, मूठ कानामागे लावली. "ओता." मी मग ओतला. काकांनी डोळे उघडले तेव्हा त्यांत अपमान आणि आनंद असे दोन्ही होते.

विणलेली दोरी तंगुसाप्रमाणे ताणली जात नाही, धातूला चिकटतही नाही. गुळगुळीत स्पूलवर ती थेट गुंडाळली, तर दोरीचा अख्खा गोळाच्या गोळा स्पूलभोवती घसरतो. आत ड्रॅग लोखंडी भिंत असला तरी बाहेर दोरी सुटत जाते. म्हणून आधी तंगुसाचे थोडे वेढे घालायचे, नाहीतर स्पूलच्या अंगाला कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि मग वर विणलेली दोरी. हे पाच मिनिटांचं काम आहे. तपासायलाही पाच मिनिटंच लागतात, आणि ते सगळ्यात आधी तपासायचं असतं.

"दोरी कोणी भरली?" काकांनी विचारलं.

"मीच. खाली काही न घालता."

"दोरी डेकची," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "मी डेककडे बघत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे."

काकू कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवशी रात्री काकांना आमटीत वॉशर नाही, मीठ नाही आणि उत्तरही नाही, असं ऐकलं.

दोरी उलगडली, तंगूस घातला, दोरी पुन्हा भरली. आता बादली हलेना. पाच मग. सात. नऊ. क्लिकर गप्प, पण आता योग्य कारणासाठी गप्प. दहाव्या मगाला बादलीची कडी तिच्या प्लास्टिकच्या कानातून सुटली आणि दहा लिटर पाणी पोस्टमनने नुकत्याच ठेवलेल्या वीजबिलावर गेलं. काकांच्या मते यात रीलचा काही दोष नव्हता.

एवढं करून त्यांनी चांदणी सैल केली. मुलगा हबकला. "काका, एवढा घट्ट केला तो सोडायला?"

"दोरी किती किलोची?"

"चौदा."

"तिसरा हिस्सा. साडेचार. त्याच्यावर नाही जायचं."

"मग साडेचार तर..."

"जोर असावा लागतो, वापरायचा नसतो," काका म्हणाले, आणि हे वाक्य आपल्याला आवडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते गॅसवाल्यालाही ऐकवलं.

मुलाच्या सुट्टीची एक संध्याकाळ उरली होती. रत्नदुर्गाखालच्या खडपावर आम्ही गेलो. मुलाकडे रॉड, माझ्याकडे बॅटरी, काकांकडे स्क्रूड्रायव्हर. गरी मुलाने नवीन आणायची म्हटली, तर काकांनी आपल्या फिल्मच्या डबीतली एक दिली. "आहे की. कशाला पैसे घालवतोस." बांगड्याचा तुकडा लावून मुलाने भरतीच्या पाण्यात टाकला आणि आम्ही बसलो. काकांना खरं तर बसवत नव्हतं. त्यांना मासेमारीत रस नसतो. मासा हा त्यांच्या दृष्टीने चाचणीचा एक प्रकार आहे, बादलीपेक्षा बेभरवशाचा.

दिवेलागणीनंतर रॉडचं टोक खाली गेलं आणि क्लिकर सुटला. कर्रर्र! असा की बाजूपट्टीला हात लावून तो अनुभवावा असं मलाही वाटलं. मुलगा उभा राहिला, रॉड पोटाशी. दोरी जात होती, खालच्या काळ्या पाण्यात तिरपी, जोरात. काय होतं कोण जाणे. तांबोशी म्हणावी तर इतकी मोठी, शिंगाळा म्हणावा तर इतका चपळ.

काकांनी स्क्रूड्रायव्हर रीलला टेकवला.

दृश्य असं: भरतीच्या लाटा खडपावर फुटताहेत, पोरगा आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या माशाशी झुंजतोय, आणि त्याच्या कोपराला चिकटून एक म्हातारा डोळे मिटून ऐकतोय. पोराला पाय सरकवता येईना. "काका, जरा बाजूला..." काकांना ऐकू येत नव्हतं. चकत्या बोलत होत्या.

दोरीचा गोळा बारीक होत व्यासाने अर्ध्यावर आला. मुलगा घाबरला आणि त्याचा हात चांदणीकडे गेला. काकांनी डोळे न उघडता फटका मारला. "हात लावायचा नाही!" मग लाटांवरून ओरडून भौतिकशास्त्र सांगितलं. दोरी निघून गेली की उरलेला गोळा बारीक होतो. गोळ्याचा व्यास अर्धा झाला की चांदणी न फिरवताच ड्रॅग दुप्पट होतो. साडेचाराचे नऊ झालेत. वर पाण्यातल्या दोरीचा ओढा वेगळा. अजून आवळलंस तर तुटली म्हणून समज. "सोड! उलट अर्धा दाता सोड!"

मुलाने सोडलं. मासा थांबला. मुलाने रॉड उचलून दोरी घ्यायला सुरुवात केली, वाकून घ्यायची, उचलून ओढायची, पुन्हा वाकायचं. बराच वेळ. हाताला घाम, पाण्यात एकदा रुंद शेपटी फिरलेली मी बॅटरीच्या उजेडात पाहिली. मग पुन्हा धाव, पुन्हा क्लिकर, आणि काकांचा चेहरा. सलग, एकसारखा आवाज, कुठे अडखळ नाही. काका हसत होते. मुलीच्या लग्नाच्या फोटोंत ते असे हसलेले नाहीत, मी तपासलंय.

आणि रॉड सरळ झाला.

मुलाने रिकामी दोरी भराभरा गुंडाळली. दोरी शाबूत होती. गाठ शाबूत होती. गरी मात्र वाकणावर मोडलेली, आतून तांबडी, गंजलेली. तिचा अर्धा भाग माशाबरोबर निघून गेला होता.

"काका," मुलगा रडवेल्या आवाजात म्हणाला, "गरी तुटली. कुजलेली होती. तुमच्या डबीतली."

हे त्यांना ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी तळहात बाजूपट्टीवर ठेवून ती किती तापलीय ते पाहिलं. बॅटरी माझ्याकडून घेतली आणि गिअरच्या बाजूला वाकून ग्रीस बाहेर आलंय का ते बघितलं. आलं नव्हतं.

"एक नंबर," ते म्हणाले. "एकदासुद्धा अडखळला नाही."

"पण मासा गेला, काका."

काकांनी मोडक्या गरीकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांच्या खात्यातल्या फाइलकडे बघतात तसं.

"ते डेक," ते म्हणाले, आणि चांदणी पूर्ण सैल करून ठेवली.